सगळे कुठे आहात?

१

पहिल्यांदा हलला तो कोपऱ्यातल्या पडद्यावरचा ससा.

वाचनालयाच्या माडीवर, शाळा सुटल्यानंतर, मुलांचा प्रोग्रॅमिंगचा क्लब भरत असे. खोली लांबट, छत उतरतं. एका भिंतीला ओळीने मांडलेले जुने संगणक. खिडक्या इतक्या उंच की आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. नव्या मुलांचा पहिला धडा ठरलेला होता: घर ते शाळा. पडद्याच्या एका कोपऱ्यात आपलं घर काढायचं, दुसऱ्या कोपऱ्यात शाळा, आणि 'पुढे जा', 'उजवीकडे वळ', 'थांब' असे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून सशाला घरापासून शाळेत पोचवायचं. घर आणि शाळा ज्याची त्याची. ससा मात्र सगळ्यांचा एकच. क्लबच्या सामाईक पेटीत तो ठेवलेला असे. तिथे त्याचा कान वाकडा केला की सगळ्यांच्या पडद्यांवर वाकडा व्हायचा.

"ताई, माझा ससा ऐकत नाहीये!" कोपऱ्यातली मुलगी ओरडली.

"ठोकळे तपास. डाव्याउजव्यात गडबड झाली असेल."

"माझा पण उलटाच चाललाय," शेजारचा म्हणाला.

"माझ्या सशाला चष्मा कोणी लावला?" तिसरी हसत सुटली.

क्लब चालवणाऱ्या ताई उठून पाहायला गेल्या, तोवर सगळे ससे थांबले होते. मग एकाच वेळी, कोणी कवायत घेतल्यासारखे, ते वळले आणि चालू लागले. मुलांनी काढलेल्या घरांमधून, झाडांमधून, रस्त्यांमधून ते आरपार गेले. उजवीकडे, मग वर, मग लांबवर डावीकडे. आणि पडद्याच्या एका रिकाम्या जागी, जिथे कोणी काहीच काढलेलं नव्हतं, तिथे सगळे उभे राहिले.

आधी ऐकू आला तो श्वास. दचकून आत ओढल्यासारखा. मग लहान मुलीचा आवाज.

"मी इथे आहे. सगळे कुठे आहात?"

मुलं हसली. पोरांना काय, मजाच. पण क्लबमधली सगळ्यात मोठी मुलगी, पहिल्या तुकडीपासून येणारी, उभी राहिली तेव्हा तिची खुर्ची मागे उलटी पडली. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "ही भिंगरी आहे."

हसणं तिथेच थांबलं. नव्या मुलांनीही ते नाव ऐकलेलं होतं. हा ससा भिंगरीनेच काढलेला होता. दोन वर्षांपूर्वी ती वडिलांबरोबर तलावात होडीतून गेली होती. होडी उलटी सापडली. तिचा एक बूट सापडला. माणसं सापडली नाहीत.

ताईंनी भिंतीवरचं मुख्य बटण खटकन बंद केलं. पडदे काळे झाले.

२

दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत. आलेल्यांपैकी एक छोटी तर बोलेनाशीच झाली. आधीच तिला बोलायला जड जायचं. कितीतरी महिन्यांच्या मेहनतीने तिची वाचा सुटली होती, ती पुन्हा बंद. म्हणून ताईंनी बोलक्याबाईंना बोलावलं.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जी मुलं बोलताना अडखळतात, ज्यांच्या तोंडी 'र'चा 'ल' होतो, त्यांच्यावर त्या उपचार करत, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. गंमत अशी की बाई स्वतः अगदी कमी बोलत. त्या नुसत्या ऐकत. इतकं ऐकत की समोरच्याला ती शांतता सोसवेना आणि तो आपण होऊन मनातलं सांगून मोकळा होई.

छोटीला त्यांनी बराच वेळ मांडीवर घेतलं. मग ताईंना म्हणाल्या, "मला ऐकवा."

"पुन्हा?" ताईंनी जिन्याकडे पाहिलं. "खरं सांगू? भूतबीत मी मानत नाही. पण कालपासून हा जिना मी एकटी चढत नाही."

बटण दाबलं. ससे निघाले. आणि ताईंनी बाईंचा दंड घट्ट धरला.

"काल असं नव्हतं."

काल ससे सरळ चालले होते. आज प्रत्येक वळणावर ते थांबत होते आणि मागे वळून पाहत होते. पुढे, थांब, मागे नजर. पुढे, थांब, मागे नजर. रिकाम्या जागी पोचल्यावर तोच श्वास, तेच शब्द. ताईंनी ते सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

"कोणीतरी हे बदलतंय," बाई म्हणाल्या. "पेटी कोणाला उघडता येते?"

"पासवर्ड असतो. पहिल्या तुकडीच्या वेळी भिंगरीनेच ठेवला होता, 'अगडबंब'. मुलांना इतका आवडला की बदलायचा राहूनच गेला. मला माहीत आहे, खाली ग्रंथपालांना, आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तारकाकांना. शिवाय पहिल्या तुकडीच्या मुलांना, पण त्यांतली एकच मुलगी उरलीय आता. आणि..." ताई घुटमळल्या. "भिंगरीच्या आईला. ती कधीकधी ससा पाहायला यायची."

बाई खाली उतरल्या. ग्रंथपाल खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं पुसत होते.

"तुम्ही मलाच विचारायला येणार, ठाऊक होतं," ते खाली न पाहताच म्हणाले. "माडी मला हवी होती. मी ते लपवलेलं नाही. पुस्तकांना जागा नाही, आणि वर पोरं सशांना शाळेत पोचवतायत. पण म्हणून मेलेल्या लेकराचा आवाज वापरून खोली रिकामी करवीन? मी पुस्तकं सांभाळतो बाई, पापं नाही सांभाळत."

बाई खुर्ची धरून ऐकत राहिल्या.

ग्रंथपाल खाली उतरले. हातातलं फडकं उगीचच घडी करू लागले.

"एक सांगतो. काल सगळे घाबरून घरी गेले. मी कुलूप लावायला वर चढलो. दाराशी होतो. संगणक बंद होते, अगदी काळे. आणि आत कोणीतरी रडत होतं."

३

रडणारं माणूस भूत नव्हतं. भिंगरीची आई होती.

बातमी कानावर पडताच ती मागच्या दाराने माडीवर येऊन बसली होती. आज बाई पुन्हा वर गेल्या तेव्हाही ती तशीच आलेली होती. तिने कोपऱ्यातला संगणक सुरू केला, हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि डोळे मिटून घेतले. ससा चालला, थांबला, बोलला. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डोळे एकदाही उघडले नाहीत.

"वहिनी, पुरे आता."

दारात तारकाका उभे होते. भिंगरीचे काका, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. खिशातून नेहमी वायरींची टोकं डोकावायची म्हणून मुलांनी तारकाका केलेले. पुतणी क्लबमध्ये होती तेव्हापासून इथली यंत्रं ते फुकट सांभाळत.

"भाऊजी, ऐका ना एकदा. तीच आहे."

"तिचा जुना आवाज कोणीतरी चोरून लावलाय. खोडसाळपणा आहे झालं." त्यांनी हेडफोन हळूच काढून घेतले. आईला जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन ते संगणकापुढे बसले आणि त्यांची बोटं भराभर चालू लागली.

"काय करताय?" बाईंनी विचारलं.

"साफ करतोय. आवाज काढला, पासवर्ड बदलला. आता कोणी आत शिरणार नाही."

"कोण शिरलं होतं, ते पाहिलंत?"

"तशी नोंद राहते थोडीफार. पण त्यात काही कळण्यासारखं नव्हतं. तीही पुसली." त्यांनी कपाळावरचा घाम निपटला. "बाई, दोन वर्षांनी जरा कुठे वहिनी माणसांत आली होती. पुन्हा तेच नको. एवढंच."

बोलणं रास्त होतं. घरच्या माणसाने हेच केलं असतं. बाईंनी मान डोलवली, आणि ते जिना उतरून गेल्यावर ताईंना विचारलं, "भिंगरीचा खराच जुना आवाज आहे का कुठे?"

ताईंच्या लॅपटॉपवर होता. भिंगरीचा पहिलावहिला प्रकल्प. वाकड्या कानाचा ससा पडद्यावर उड्या मारत आला. आधी तो दचकल्यासारखा श्वास, आणि मग ऐटीत ओरडून: "हा माझा थथा! हा थगळ्यांशी खेळतो!"

ताईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "पुढचे दोन्ही दात पडले होते तिचे."

"माझ्याकडे आणलं होतं आईने. 'स' येत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं, दात आले की आपोआप येईल, काळजी नको. त्यानंतर थोड्याच दिवसांत होडी उलटली." त्या थांबल्या. "आता तुमच्या मोबाईलमधलं लावा."

मोबाईलमधून पुन्हा तो आवाज आला. तोच श्वास. तीच मुलगी, जरा भरीव आवाजाची.

सगळे कुठे आहात?

"ऐकलंत?"

"सगळे," ताई पुटपुटल्या. "सगळे... थगळे नाही."

"स्वच्छ 'स' आहे."

"पण आजकाल यंत्रं कोणाचाही आवाज काढतात, बाई."

"काढतात. पण यंत्र ऐकलं तेवढंच शिकतं. तिचं जे काही टिपलेलं आहे, त्यात 'थ'च आहे. तिच्या तोंडचा 'स' कधी कोणी ऐकलेलाच नाही, तर नक्कल कशाची करणार?"

उंच खिडक्यांतला उजेड भिंतीवर पिवळा पडत चालला होता.

"ताई," बोलक्याबाई म्हणाल्या, "मेलेल्या मुलीला नवे दात येत नाहीत."

४

ताई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"आईला सांगायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगणार? जिवंत आहे, पण कुठे ते माहीत नाही? ती बाई वेडी होईल. आधी कुठे ते कळू दे." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मला तुमच्या ठोकळ्यांतलं काही समजत नाही. तुम्ही सांगा. हा ससा जातो कुठे?"

ताईंनी मोबाईलमधलं चित्र थांबवून थांबवून पाहिलं. कागदावर वळणं काढली. उजवीकडे, वर, लांबवर डावीकडे. मध्ये एक छोटीशी थांबण्याची जागा, मग पुन्हा पुढे.

"कुठेच जात नाही. रिकाम्या जागी थांबतो."

"आपल्या पडद्यावर ती रिकामी आहे."

ताईंनी मान वर केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच त्याची भीती झाली.

"ससा सामाईक असतो," त्या हळूहळू म्हणाल्या. "चित्रं सामाईक नसतात. ज्याची त्याची असतात. म्हणजे जिने हा ससा चालवला, तिच्या पडद्यावर ती जागा रिकामी नाही. तिथे काहीतरी काढलेलं आहे. सुरुवातीलाही काहीतरी काढलेलं आहे." त्यांनी कागदावर पहिल्या वळणाआधी एक चौकोन काढला, शेवटच्या वळणानंतर दुसरा. "आणि मध्ये रस्ता ओलांडण्यासाठी थांबणं, हे मीच शिकवते सगळ्यांना. बाई, हा पहिला धडा आहे. बिनचूक केलेला."

"घर ते शाळा."

"म्हणजे तिला घर आहे." ताईंचा आवाज चिरकला. "आणि ती रोज शाळेत जाते."

"आणि रोज मागे वळून बघत जाते," बाई म्हणाल्या.

५

आता बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती, पण हातात पुरावा नव्हता. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी ताईंकडून ते चित्रण मागवून घेतलं. आवाज पूर्ण बंद केला आणि फक्त सशाकडे पाहिलं. आवाज गेला तेव्हा पहिल्यांदाच ससा नीट दिसला.

सशाला खरंच चष्मा होता. एका मुलीने तसं म्हटलंही होतं, पण त्या आवाजापुढे चष्म्याकडे कोण बघतो! लहान मुलाने काढावा तसा होता, गोल भिंगांची लाल फ्रेम, आणि कानांपर्यंत ओढलेल्या दोन काड्या. एक लाल. दुसरी निळी.

भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे गिऱ्हाईकं, आणि पडद्यामागच्या अरुंद खोलीत ती, भिंगं घासायच्या चाकापाशी. बाई आत गेल्या तेव्हा तिने चाक थांबवलं. पण घरघर थोडा वेळ चालूच राहिली.

"एक विचारायचं होतं," बाईंनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर फक्त चष्म्याचा भाग मोठा करून ठेवला होता. "असा चष्मा कुठे मिळेल?"

आईने चित्र पाहिलं. आधी हसली. दोन वर्षांत बाईंनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"मिळणार नाही. हा मीच केलेला. लाल फ्रेमची एक काडी तुटलेली होती, दुसरी तशी मिळेना. म्हटलं, लहान मुलगी आहे, निळी लावू, तिला गंमत वाटेल." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण हे चित्र कोणी काढलं? तो चष्मा तर परगावी गेलाय."

"कोणाकडे?"

"भाऊजींच्या मित्राच्या मुलीला. नंबर त्यांनीच आणून दिला, आणि घेऊनही तेच गेले. डाव्या डोळ्याचा नंबर जरा विचित्र, तिरका होता. मी म्हटलंसुद्धा त्यांना, आमच्या ह्यांचा पण अस्साच..."

ती बोलायची थांबली.

नेहमीप्रमाणे त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पण आता ऐकायला काहीच नव्हतं. आईने चित्र बोटाने सरकवलं. डोक्यावरचा वाकडा कान आला, मग सशाचं अंग आलं, मग क्लबची ती पांढरी जागा. तो ससा तिने हजारदा पाहिला होता. काल मात्र डोळे मिटून ती फक्त ऐकत होती.

चाकावरचं भिंग सुटून फरशीवर पडलं. फुटलं नाही, गरगर फिरत राहिलं.

"बाई," आई कुजबुजली, "मी कोणाचा चष्मा केला?"

६

त्या दिवशी शाळा सुटल्यावर माडीवर मुलं नव्हती. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. ग्रंथपाल, ताई, भिंगरीची आई, आणि दाराजवळ साध्या कपड्यांतल्या पोलीस अधिकारी बाई. तारकाकांना संगणक बिघडला असं सांगून बोलावलं होतं. पोलिसांना पाहून ते उंबऱ्यातच थबकले.

"या," बोलक्याबाई म्हणाल्या. "आपल्या भुताबद्दल बोलायचंय. एक गोष्ट मला नवलाची वाटली. पासवर्ड बदलल्याबरोबर भूत गेलं. भुताला पासवर्ड लागतो?"

कोणी हसलं नाही.

"म्हणजे करणारं माणूस होतं, आणि त्याला पासवर्ड माहीत होता. ताईंनी स्वतःच्या क्लबमधली मुलं घाबरवून पळवावीत, यात अर्थ नाही. ग्रंथपालांना खोली हवी होती. पण त्यांना सशाला चालवता येत नाही, आणि त्यांनी कुठूनही तो आवाज आणला असता तर जुनाच आणला असता. 'थगळे' म्हणणारा. मोठ्या मुलीचंही तेच. हा आवाज नवा आहे. तो आणायला भिंगरीच पाहिजे. पासवर्ड तिनेच ठेवला होता, त्यामुळे तिला तो कोणाकडे मागायची गरज नव्हती."

"काय बोलता बाई!" तारकाका ओरडले. "उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरगी मेली आमची!"

"ज्यांना ती मेली असं वाटत होतं, त्यांनी तो आवाज ऐकल्यावर काय केलं बघा. ताईंनी तो टिपून घेतला. आई तर परतपरत ऐकत बसली. ग्रंथपालांनी बंद खोलीतलं रडणं ऐकलं, तेही लपवलं नाही. कोणालाही तो पुसावासा वाटला नाही. तुम्ही एकट्याने पुसला. आणि कोण कुठून आलं हे जिच्यावरून कळलं असतं, ती नोंदही पुसलीत. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते हेच."

"वहिनीसाठी केलं मी!"

"मी तेच धरून चालले होते. मग मी सशाचा चष्मा पाहिला."

मोबाईल टेबलावर ठेवला गेला. एक काडी लाल, एक निळी. तारकाकांनी पाहिलं. ते दाराच्या चौकटीला टेकत खाली बसले.

आई उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही.

"भाऊजी, परगावी कोण आहे तुमच्या मित्राची मुलगी?"

मग सगळं एकदम बाहेर पडलं.

"दादाला कळलं होतं, घटस्फोटात कोर्ट पोरगी तुम्हाला देणार. तो म्हणाला, दोनतीन महिने गायब होतो, तुझी वहिनी नमली की परत येतो. होडी मी ढकलली. बूट मी टाकला. मग पोलीस आले, पाणबुडे आले, तुम्ही काठावर त्या बुटाला... मग सांगणार कसं? रोज वाटायचं उद्या सांगू. रोज आणखी कठीण होत गेलं. दादा तलावापलीकडच्या गावात गॅरेज चालवतो, दुसऱ्या नावाने."

"आणि चष्मा?" ताईंनी विचारलं. "तिथे चष्म्याचं दुकान नव्हतं?"

"होतं की." ते रडू लागले होते. "पण वाटलं, निदान एक वस्तू तरी तिच्याकडे तिच्या आईच्या हातची असावी."

अधिकारी बाई पुढे आल्या. पण आईने हात करून त्यांना थांबवलं.

"दोन वर्षं ती मला शोधत कशी नाही आली? पत्र नाही, फोन नाही. आत्ता हाक मारली तीसुद्धा 'सगळ्यांना'. 'आई' म्हणाली नाही." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "काय सांगितलंत तुम्ही माझ्याबद्दल?"

तारकाकांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"दादाने सांगितलं तिला. तुम्ही तळ्यात बुडालात म्हणून."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातलं गॅरेज उघडायच्या आतच वडिलांना ताब्यात घेतलं गेलं. भिंगरी तेव्हा शाळेत पोचली होती. रस्त्यात कोणी मागे येतंय का, ते पाहत जायचं, असं वडिलांनी तिला शिकवलं होतं. त्या शाळेत नुकतंच संगणकाचं शिकवणं सुरू झालं होतं, आणि तिथेही तेच ठोकळे निघाले. तिने जुन्या क्लबचं नाव टाकलं, 'अगडबंब' टाकलं, आणि तिचा ससा तिच्यासमोर आला. इतकंच घडलं होतं. तिला वाटलं, ससा आहे तर मुलंही आत कुठेतरी असतील.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. बोलक्याबाई खिडकीशी. दार उघडलं आणि भिंगरी आत आली. उंच झालेली, वेण्या घातलेली, नऊ वर्षांची.

आई उभी राहिली.

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं आणि ती धावली नाही. ती मागे सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकत गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईकडची नजर न काढता तिने बोलक्याबाईंना विचारलं, अगदी बारीक आवाजात, "मी पण मेले का?"

आईच्या तोंडून हुंदका निघाला, तो तिने दाताखाली धरला. ती पुढे गेली नाही. होती तिथेच, फरशीवर मांडी घालून बसली, म्हणजे आपण लहान दिसू.

"नाही गं राणी. तू नाही मेलीस. मी पण नाही."

"बाबा म्हणाले."

"मला पण सांगितलं होतं, तू गेलीस म्हणून. मी खरं मानलं."

"मी पण," भिंगरी म्हणाली.

बोलक्याबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच शांतता सोसवेना, पण त्या गप्प राहिल्या. शेवटी भिंगरी भिंतीपासून सुटली. अर्ध्या वाटेवर थांबली. पुन्हा निघाली. हात लांब करून तिने फक्त एक बोट आईच्या गालाला लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग पुन्हा लावलं, आणि या वेळी तळवाच टेकवला.

"गार नाहीयेस," ती म्हणाली.

"नाहीये."

"पाण्यात असतीस तर गार असतीस."

"हो."

भिंगरीने तिचा दुसरा गाल चाचपला, मग गळा, मग केस. केस ओले आहेत का, ते पाहिलं. केस कोरडे होते. तेव्हा कुठे तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती आईच्या मांडीत इतक्या जोरात कोसळली, की दोघी मागे कलंडल्या.

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. व्हरांड्यातून मुलांचा लोंढा आरडाओरडा करत गेला, कोणीतरी दार ढकलून आत डोकावलंही. फरशीवरून कोणी उठलं नाही.